एचएमव्ही १०१: गाणं मध्येच मंदावतं, आतून 'धप्प' होतं आणि साउंडबॉक्स फाटका वाजतो. आधी काय उघडावं?

सांजसूर

काळा पोर्टेबल एचएमव्ही १०१ आहे, चावीवर चालणारा जुना ग्रामोफोन. चावी उजव्या हाताला, साउंडबॉक्स, म्हणजे पिन धरून आवाज काढणारी डबी, ४ नंबरचा, अभ्रकाच्या पडद्याचा. दुखणी तीन आहेत.

पूर्ण चावी देऊन दहा इंची तबकडी लावली की सुरुवात ठीक होते, पण दोनेक मिनिटांनी गाणं जड होत जातं. हार्मोनियमवर ताडून पाहिलं, तर सुरुवातीला काळी चारला असलेला षड्ज शेवटी पांढरी पाचवर उतरलेला असतो. दुसरं म्हणजे वाजताना आतून अधूनमधून 'धप्प' होतं आणि त्या क्षणी तबकडीखालची थाळी दचकते. तिसरं, गाणारीचा आवाज तार सप्तकात गेला की पत्रा थरथरल्यासारखा फाटतो. खालचे सूर तर जवळजवळ ऐकूच येत नाहीत.

अजून काहीही उघडलेलं नाही. एक सल्ला मिळाला की स्प्रिंग गेली, नवी टाका. दुसरा असा की चावीच्या भोकातून तेल सोडा. दोन्ही केलेलं नाही. यंत्र रत्नागिरीला समुद्रापासून जवळ राहणार आहे, दिवाणखान्यात मांडायचं आहे आणि महिन्यातून दोन-तीनदा वाजवायचंही आहे.

जोडीला एक प्रश्न. मुंबईच्या चोरबाजारातून पितळी कर्ण्याचा एक ग्रामोफोन सांगून आलाय, '१८९५ चा एचएमव्ही' म्हणून. फोटो पाहिलेत: अष्टकोनी पेटी, दर्शनी बाजूला कुत्र्याचं पितळी चिन्ह, कर्णा लखलखीत. घ्यावा का?

चावीपेटी

भोकातून तेल सोडलं नाहीत हे फार बरं झालं. ते तेल स्प्रिंगपर्यंत पोहोचतच नाही. चावीच्या दांड्यावरून ओघळतं, पेटीच्या तळाच्या लाकडात मुरतं आणि वर्षभराने तिथे चिकट काळा थर होतो. स्प्रिंग असते बंद डब्यात, म्हणजे बॅरलमध्ये. तिला वंगण द्यायचं तर डबा उघडावाच लागतो. आणि स्प्रिंग तुटली असती तर चावी बहुधा भरलीच नसती, नुसती फिरत राहिली असती.

'धप्प' हा आवाज मात्र ओळखीचा आहे. जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं होतं, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. ताण उतरताना सगळे वेढे सावकाश सुटण्याऐवजी दोन-तीन एकदम सुटतात. तोच धक्का थाळीपर्यंत येतो.

मंदावण्याचं कारण मात्र मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. तुम्ही सांगितलेला अर्ध्या सुराचा फरक म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांवरून साधारण ७३.६ वर येणं. खरा वेग काढायला कागदाची एक पातळ पट्टी तबकडीच्या कडेखाली बाहेर डोकावेल अशी ठेवा आणि घड्याळ लावून एका मिनिटात ती किती वेळा समोरून जाते ते मोजा. पूर्ण चावी देऊन तीन मिनिटं सलग, प्रत्येक मिनिटाचा आकडा वेगळा. आधी साउंडबॉक्स वर उचलून, मग तबकडीवर पिन टेकवून. दोन्ही मिळून सहा आकडे इथे टाका.

छापील स्ट्रोबोस्कोपची चकती (दिव्याखाली फिरताना रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर) वापरणार असाल तर तिच्यावरच्या रेघा मोजून घ्या. आपल्याकडे वीज ५० सायकलची, तिला ७७ रेघांची चकती लागते. इंटरनेटवरून उतरवलेली चकती पुष्कळदा ९२ रेघांची, म्हणजे अमेरिकेच्या ६० सायकलसाठी असते. आपल्या दिव्याखाली ती ६५ च्या आसपास स्थिर दिसते आणि माणूस वेग बरोबर आहे असं समजून बसतो. एलईडी दिव्याखाली रेघा बहुतेक वेळा दिसतच नाहीत, चोकवाली जुनी ट्यूबलाइट हवी.

अभ्रकपट्टी

साउंडबॉक्सचं मी सांगतो. तुमची लक्षणं वाळलेल्या रबराची आहेत.

४ नंबरमध्ये रबर दोन ठिकाणी असतं. अभ्रकाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोकळ रबरी नळीची एकेक कडी असते, आणि मागे, जिथे डबी टोनआर्मवर, म्हणजे आवाज पुढे नेणाऱ्या नळीवर, बसते तिथे, रबराची जाड गादी. नव्वद-शंभर वर्षांत हे रबर खडूसारखं कडक होतं. कड्या कडक झाल्या की पडद्याच्या कडेला लवचीकता उरत नाही आणि चढे सूर फाटतात. मागची गादी कडक होऊन चिरली की हवा गळते, मग खर्ज जातो.

डबी टोनआर्मवरून काढताना पिळू नका. मागचा भाग जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा असतो. तो वर्षानुवर्षं आतून फुगतो, केसासारख्या भेगा पडतात आणि जोर लावला की बिस्किटासारखा तुटतो. भिंगातून आधी भेगा पाहा. डबी अडकली असेल तर सांध्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाकून एक दिवस थांबा. हातोडी नको, पक्कड नको.

आता उघडणं. पडद्याच्या मधोमध बारीक स्क्रू आणि त्यावर मेणाचा ठिपका दिसेल. सोल्डरिंग आयर्नचं टोक क्षणभर टेकवून मेण पातळ करा, मगच स्क्रू फिरवा. थंड मेणात स्क्रू फिरवला तर अभ्रक मध्यभागी चिरतं. नंतर मागचे स्क्रू सोडवून पुढचं कडं वेगळं करा आणि जुनं रबर लाकडी काडीने खरवडून काढा. धातूच्या टोकाने खाचेवर ओरखडे पडतात आणि तिथूनच पुढे हवा गळते.

पडदा उजेडासमोर धरा. कडेने दुधाळ वर्तुळं दिसली तर अभ्रकाचे पापुद्रे सुटलेत. दोनेक मिलीमीटरच्या आतच असतील तर चालेल, कारण तो भाग रबराखाली जातो. मध्यापर्यंत गेले असतील तर पडदा बदला.

नवी नळी पांढऱ्या मऊ रबराची किंवा सिलिकॉनची घ्या, बाहेरचा व्यास अडीच ते तीन मिलीमीटर. जुन्या नळीचा तुकडा शाबूत असेल तर त्यावरूनच माप घ्या. दोन टोकं ब्लेडने काटकोनात कापून एकमेकांना जेमतेम टेकली पाहिजेत. फट राहिली तर हवा जाते, टोक टोकावर चढलं तर पडदा तिथे दाबला जातो. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. पडदा धरलेला हवा, आवळलेला नको.

खरं काम त्यापुढे आहे, आणि बहुतेकांचा साउंडबॉक्स इथेच बिघडतो. पिन धरणाऱ्या दांडीचं वरचं टोक पडद्याच्या मध्याला नुसतं टेकलं पाहिजे. स्क्रू लावण्याआधी पाहा: टोक आणि अभ्रक यांच्यात फट असेल, तर स्क्रू आवळल्यावर पडदा बाहेर ओढला जाईल. टोक रेटत असेल तर पडदा आत फुगेल. दोन्हीत आवाज चिरका येतो. दांडीच्या टेकूचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून टोक बरोबर मधल्या जागी आणा. मगच मधला स्क्रू, आणि त्यावर मधमाशीच्या मेणाचा एक थेंब. डबी कानाशी धरून पिनेच्या टोकावर नखाने हलकी टिचकी मारा. भरीव 'टप्' आलं तर जमलं. 'टिन्' असा पत्र्याचा आवाज आला तर कुठेतरी काहीतरी सैल आहे.

गळती बुजवायला बाथरूमच्या फटींत भरतात ते सिलिकॉन वापरू नका. सुकताना त्यातून आंबट वास येतो, ते ॲसिटिक ॲसिड असतं आणि ते या धातूला खातं.

सांजसूर

मोजलं. साउंडबॉक्स उचलून: ७८, ७८, ७७. पिन टेकवून: ७८, ७६, ७३. पिन स्टीलची, मध्यम आवाजाची, कोरी.

रबर पाहिलं, नखाने दाबलं तर खूणही उमटत नाही. मागच्या धातूला भेग दिसत नाही.

चावीपेटी

आकडे स्वच्छ बोलतायत. बोजा नसताना वेग टिकतो, म्हणजे गव्हर्नर, फिरत्या वजनांनी वेग आवरणारा भाग, ठीक आहे. गव्हर्नर फक्त रोखतो, ढकलू शकत नाही. स्प्रिंगकडे गरजेपेक्षा जास्त जोर असतो तो खाऊन गव्हर्नर वेग ७८ वर धरतो. तुमच्या यंत्रात तो जास्तीचा जोर वाळलेल्या ग्रीसमध्येच संपतोय, म्हणून पिनेचं ओझं आलं की तिसऱ्या मिनिटाला हातात काही उरत नाही. त्यात कडक साउंडबॉक्सची दांडी सहज हलत नाही, त्यामुळे पिन खाचेत जास्त ओढते. तुमची पहिली आणि तिसरी तक्रार अशी एकमेकींत गुंतलेली आहे. आधी साउंडबॉक्स दुरुस्त करा आणि पुन्हा मोजा. दोन-तीन फेऱ्या तिथेच परत मिळतील. 'धप्प' मात्र स्प्रिंग धुतल्याशिवाय जाणार नाही.

क्रम असा ठेवा. ब्रेक सोडून थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या. चावी काढा. थाळी दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर उचला, अडली तर मधल्या दांड्यावर लाकडी ठोकळ्याने हलकं ठोका. मग कडेचे स्क्रू काढून मोटरसकट फळी वर घ्या. स्क्रू कागदावर यंत्राचं चित्र काढून त्या-त्या जागी टोचून ठेवा, लांबी सारखी नसते. चावी उतरलेली नसताना गव्हर्नरला हात लावलात तर सगळी चक्रं एकदम सुटतात आणि दाते जातात. बोटं जातात ती वेगळीच.

बॅरल उघडताना डोळ्यांना चष्मा, हातात जाड चामडी मोजे, आणि काम गोणपाटात किंवा खोल बादलीत. चावी उतरली तरी डब्यातली स्प्रिंग दाबलेलीच असते. झाकण काढल्यावर आधी फोटो घ्या, वेढे कुठल्या दिशेला आहेत ते कळलं पाहिजे. मधलं टोक पकडून एकेक वेढा सावकाश बाहेर घ्या आणि दुसऱ्या हाताने उरलेले दाबून धरा. हे जमेल असं वाटत नसेल तर बॅरल तेवढं घड्याळजीकडे किंवा जाणत्याकडे न्या. त्यात कमीपणा काही नाही.

स्प्रिंग रॉकेलमध्ये रात्रभर, मग चिंध्यांनी पुसून पूर्ण कोरडी. बोटांनी नाही, कापडाने. तिच्या कडा ब्लेडसारख्या असतात. बाहेरच्या टोकाचं भोक पाहा. लांबट होऊन कडेला चीर गेली असेल तर तेवढंच टोक कापा, शेवटचा इंचभर भाग लाल होईपर्यंत तापवून आपोआप थंड होऊ द्या आणि जुन्या आकाराचं नवं भोक पाडा. दोन-तीन इंच लांबी गेल्याने फरक पडत नाही. मधे कुठे खोल गंज किंवा आडवी चीर असेल तर मात्र नवीच घ्या. रुंदी, जाडी, लांबी आणि दोन्ही टोकांचा आकार, चारही मापं घेऊन. जाड स्प्रिंग म्हणजे जास्त ताकद असं समजून कुणी देऊ केली तर घेऊ नका. तिचे डब्यात कमी वेढे मावतात, म्हणजे ती कमी वेळ चालते, आणि चक्रांवर नको तेवढा ताण देते.

ग्रीस: साध्या मऊ ग्रीसच्या पाच चमच्यांना एक चमचा ग्राफाइटची पूड, नीट घोटून. बसवताना पट्टीच्या दोन्ही अंगांना पातळ थर द्या. एका बॅरलला दोन-तीन चमचे पुरतात. ठासून भरलं तर उन्हाळ्यात पाझरून गव्हर्नरवर टपकतं. बाहेरचं टोक आधी डब्याच्या खुंटीत अडकवा, मग वेढे आत. मधलं टोक दांड्याच्या आकड्याला धरत नसेल तर सगळ्यात आतला अर्धा वेढा लांब चोचीच्या पक्कडीने किंचित वळवा.

गव्हर्नरला ग्रीस नको. टोकांच्या टेकूंना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. चकतीला घासणारं चामडं किंवा फेल्ट तेलात भिजलेलं हवं, कोरडं राहिलं की चिरचिरतं आणि वेग थरथरतो. तिन्ही वजनांच्या पट्ट्या सरळ आणि सारख्या आहेत ना, स्क्रू घट्ट आहेत ना, तेवढं पाहा. दांडा टेकूंमध्ये लांबीच्या दिशेने जाणवेल न जाणवेल इतकाच हलला पाहिजे.

जोडल्यावर पहिल्यांदा आठ-दहा फेरेच चावी द्या आणि पूर्ण उतरू द्या. असं तीनदा, मग पूर्ण. त्यानंतर तबकडीच्या प्रत्येक बाजूआधी चावी देत जा.

लाखेची थाळी

पिनेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. यंत्र कितीही सुरेख केलंत तरी तबकड्या पिनेमुळेच जातात.

स्टीलची पिन तबकडीच्या एका बाजूला एकच. दोन बाजूंना नाही, 'आज एवढंच' म्हणूनही नाही. ७८ ची तबकडी नुसत्या लाखेची नसते, तिच्यात दगडाची बारीक पूड असते. ती पूड पहिल्या काही वेढ्यांतच पिनेचं टोक घासून खाचेच्या आकाराचं करते. तबकडी संपेपर्यंत त्या टोकाला दोन्ही बाजूंनी छिन्नीसारख्या कडा येतात. तीच पिन पुन्हा सुरुवातीच्या खाचेत ठेवली की त्या कडा खाचेच्या भिंती तासतात. वाजलेल्या तबकडीवर राखाडी पट्टा दिसतो ना, तो हा. गंजलेल्या जुन्या पिना डबीसकट कपाटात शोभेला ठेवा, वाजवू नका. शिवणाची सुई तर मुळीच नको, ती या कामाची नाही.

ज्या तबकड्यांची दुसरी प्रत मिळणार नाही, त्या ग्रामोफोनवर वाजवूच नयेत असं माझं ठाम मत आहे. मुंबईच्या यंग इंडियासारख्या बंद पडलेल्या शिक्क्यांच्या (रेकॉर्ड कंपन्यांच्या) ध्वनिमुद्रिका, जुनी नाट्यपदं, मराठी कीर्तनं. शंभर ग्रॅमच्या वर वजन असलेली डबी दर वेळी त्यातलं थोडं पुसून टाकते. अशा मुद्रिका ७८ फेऱ्यांच्या विजेच्या टर्नटेबलवर, जाड खाचेसाठीच्या सुईने, म्हणजे साधारण तीन हजारांश इंच टोकाच्या, एकदा डिजिटल करून ठेवा. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर देते. साठच्या दशकातल्या फिल्मी ७८ सुद्धा हलक्या पिकअपच्या, म्हणजे विजेच्या यंत्रातल्या हलक्या सुईच्या, काळातल्या आहेत, जड साउंडबॉक्सखाली लवकर झिजतात. आणि एलपी किंवा ४५ ची तबकडी १०१ वर कधीही नाही. एका फेरीत खाच संपते.

धुताना कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. मधलं लेबल कोरडं ठेवायचं, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, साध्या पाण्याने धुऊन लगेच पुसायचं. स्पिरिट, सॅनिटायझर, कोलोन काहीही नको. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करतात ते याच तत्त्वावर.

भोंगेवाला

कर्ण्याच्या यंत्राबद्दल: १८९५ चा एचएमव्ही असूच शकत नाही. लंडनची ग्रामोफोन कंपनीच १८९८ मध्ये स्थापन झाली, फ्रान्सिस बॅरो यांचं कुत्र्याचं चित्र तिने १८९९ मध्ये घेतलं, आणि लेबलांवर ते त्यानंतर दहाएक वर्षांनी आलं. सालच चुकलं तर बाकीची चौकशी आपोआप हलकी होते.

अष्टकोनी नवी पेटी, चकचकीत पितळी कर्णा आणि खिळ्यांनी ठोकलेलं कुत्र्याचं चिन्ह हे आपल्याकडे तयार होणाऱ्या नकलेचं ठरलेलं रूप आहे. आत बहुतेक वेळा एखाद्या मोडलेल्या पोर्टेबलचीच मोटर असते. म्हणजे अशा एका नकलेपायी तुमच्यासारखं एक १०१ किंवा १०२ मेलेलं असतं, मला त्याचं फार वाईट वाटतं. फोटोवरून ओळखायचं तर कर्ण्याखालचा कोपर पाहा: अस्सल टोनआर्म निमुळता होत जातो, नकलेत सारख्या जाडीच्या नळ्या जोडलेल्या असतात. साउंडबॉक्सवरची अक्षरं बोथट, ओतीव दिसतात. टोनआर्म मध्याकडे वळवून पाहायला सांगा. पिन मधल्या दांड्याच्या जवळपास यायला हवी. ती इंच-दीड इंच बाजूला राहत असेल तर तबकड्या कापल्या जाणार. घेऊ नका. शोभेलाच हवा असेल तर शोभेच्या किमतीत घ्या, आणि त्यावर तबकडी ठेवू नका.

आता मांडणी. रत्नागिरीच्या हवेत खरा शत्रू ओल आणि खारा वारा. खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी ठेवा, पण भिंतीला टेकवून नको, चार बोटं अंतर ठेवा. काचेचं कपाट असेल तर मागच्या फळीला वरखाली दोन-दोन भोकं, नाहीतर आत बुरशी धरते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कपाटात पाव किलो सिलिका जेल कापडी पुरचुंडीत. रंग बदलला की मंद आचेवर परतून पुन्हा वापरा, मात्र त्यासाठी भांडं वेगळं ठेवा, स्वयंपाकाचं नाही.

ठेवताना पिन काढलेली, चावी उतरलेली, ब्रेक थाळीच्या कडेपासून सुटलेला. ब्रेक लावून ठेवला की त्याच्या पॅडला खळगा पडतो. निकेलच्या भागांवर पितळेची पॉलिश घासू नका, मुलामा निघून खालचं पितळ दिसतं. मऊ कोरडं फडकं पुरे. रेक्झिनला रंगहीन बूटपॉलिश, अगदी पातळ. झाकणातला एचएमव्हीचा छाप नुसता झटका, ओला करू नका.

तबकड्या उभ्या, एकमेकींना जेमतेम टेकून. दहा इंची एक तबकडी साधारण २०० ग्रॅम, पन्नासांचे दहा किलो झाले, फळी त्या हिशेबाने जाड घ्या. आडव्या थप्पीत खालच्या तबकड्या उन्हाळ्यात वाकतात.

मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० पासून ७८ च्या मुद्रिकांवर काम करतेय. त्यांच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाचे जुने अंक मिळाले तर वाचा, मुद्रिकांच्या याद्या आणि गायकांवरचे लेख फार कामाचे आहेत.

सांजसूर

कड्या बदलल्या, मागची गादीही. पिन टेकवून आता ७८, ७७, ७६. चढा आवाज फाटत नाही. 'धप्प' तसंच आहे, बॅरल जाणत्या घड्याळजीकडे देतोय. त्यांना काय काय सांगून ठेवू?

चावीपेटी

चार गोष्टी कागदावर लिहून बॅरलसोबत द्या. घड्याळाचं पातळ तेल नको, ग्राफाइट घातलेलं ग्रीसच. स्प्रिंग पॉलिश पेपरने घासू नये. झाकण आणि डब्यावर आधी समोरासमोर खूण करून घ्यावी, झाकण त्याच जागी परत बसलं पाहिजे. आणि स्प्रिंग बदलावीच लागली तर जुनी फेकू नये, तुम्हाला परत द्यावी, म्हणजे मापं हातात राहतील. परत आल्यावर पिन टेकवून तिसऱ्या मिनिटाचा आकडा टाका. ७७ च्या खाली असेल तर मग गव्हर्नरच्या टेकूंकडे वळू.